त्रेसष्ट पायऱ्यांचा कठडा

पडदा वर जातो, आणि दिसते नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली. मधोमध टेबल, त्यावर कधीकाळी हिरवं असलेलं रेक्झिन. भोवती नऊ खुर्च्या. त्यांतल्या दोन दुसऱ्याच कुठल्या तरी खात्यातून आलेल्या, म्हणून ठेंगण्या. त्यांवर बसणाऱ्याची हनुवटी टेबलाला टेकते. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे. खिडकीखाली जुन्या फायलींचे गठ्ठे आणि त्यांवर पाण्याचा एक जग, ज्यातून कुणी पाणी पिताना मी कधी पाहिलं नाही. मागच्या भिंतीला लागून सहा खुर्च्या, वर पाटी: 'नागरिकांसाठी'. त्या सहांपैकी एकीवर मी. बाकी प्रेक्षागृह रिकामं. माझ्या सगळ्यात पडेल नाटकालासुद्धा याहून जास्त माणसं होती हो.

दुपारचे साडेतीन. सभा चारला. प्रवेश करतो एक बुटका, रुंद खांद्यांचा म्हातारा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात घडीची फूटपट्टी. कुणाकडे न बघता तो टेबलाखाली शिरतो, डगमगणाऱ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतो, बाहेर येऊन तळहातानं टेबल दाबून बघतो आणि मग आपल्या खुर्चीत बसतो. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी हेच. झाडणारी बाई पुठ्ठा केर समजून काढून टाकते, हा पुन्हा घालतो. तीन वर्षांत छत्तीस सभा ठरल्या, छत्तीस पुठ्ठे गेले.

"अरे, एकदाच पट्टी मारून टाक ना त्या पायाला," मी एकदा म्हटलं.

"सरकारी टेबल आहे, बाई. आपण हात लावायचा नाही. ते शिकलोय आता."

ते तो कसा शिकला, तेच सांगायचं आहे.

त्याचं खरं नाव कंपनीच्या हजेरीपटाबाहेर कुणी घेतलं नाही. आम्ही त्याला गुण्या म्हणायचो. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. ते याच्या हातातून कधी सुटायचं नाही, म्हणून तेच नाव चिकटलं. आमच्या नाटक कंपनीचे सेट त्यानं चाळीस वर्षं उभे केले. राजवाडे, दवाखाने, कोर्टं, झोपड्या. पण त्याचा खरा जीव जिन्यांवर. "भिंत खोटी चालते, बाई," तो म्हणायचा, "दार खोटं चालतं, झाड खोटं चालतं. जिना खोटा चालत नाही. त्यावर माणूस खरं वजन घेऊन चढतो."

हे तो शिकला माझ्यामुळे. एका नाटकात मला सज्जातून प्रियकराला निरोप द्यायचा होता. पहिला प्रयोग, अर्धा तास बाकी, सज्जाच्या कठड्याची एक बाजू पक्की झालेली, दुसऱ्या बाजूला स्क्रू कमी पडलेले. आमचे व्यवस्थापक म्हणाले, आजचा प्रयोग निघू दे, दुसरी बाजू नंतर बघू. गुण्या तेव्हा पंचविशीचा होता, मान डोलावून मोकळा झाला. दुसऱ्या अंकात मी वाकले, 'पुन्हा भेटू' असं म्हटलं आणि कठड्यासकट थेट व्हायोलिनवाल्याच्या मांडीवर गेले. लोकांना वाटलं, नाटकातच आहे. टाळ्या पडल्या. माझं गळपट्टीचं हाड मोडलं. दवाखान्यात माझ्या खाटेशी उभा राहून हा रडत म्हणाला, "बाई, यापुढे मी 'नंतर बघू' म्हटलं, तर माझे हात तोडा."

तेव्हापासून काम पुरं झाल्याशिवाय त्यानं पडदा उघडू दिला नाही. एकदा भरलेलं थिएटर चाळीस मिनिटं ताटकळत ठेवलं. व्यवस्थापक केस उपटत होते आणि हा शांतपणे शेवटचा स्क्रू पिळत होता. आम्हा नटमंडळींना त्याचं केवढं कौतुक! मी तर जाईन तिथे ती सज्जाची गोष्ट सांगायची, साभिनय, आणि शेवटी त्याच्याकडे बोट दाखवायची. सांगून सांगून मी त्याच्या त्या हट्टाला मखरात बसवलं. आता वाटतं, जरा कमी सांगितली असती तर बरं झालं असतं.

कंपनी बंद पडली, आम्ही सगळे म्हातारे झालो. गुण्या आणि त्याची बायको, आमच्या वहिनी, टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत राहायची. तिथे गाडी जात नाही. खालच्या रस्त्यापासून त्यांच्या गल्लीपर्यंत दगडी पायऱ्या आहेत, त्रेसष्ट. उतरताना डाव्या हाताला उंच भिंत, उजव्या हाताला उघडं गटार. रुंदी इतकीच की समोरून कुणी आलं, तर एकानं अंग चोरायचं. कठडा नाही. पायऱ्या संपतात तिथेच खाली वहिनींच्या थोरल्या बहिणीचं लोकर आणि बटणांचं दुकान. ताई दुकानामागच्या खोलीत एकट्या राहायच्या.

वहिनी टेलिफोन ऑफिसात होत्या. आवाज असा की नुसतं 'एक मिनिट थांबा' म्हणाल्या तरी माणूस दहा मिनिटं थांबायचा. त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. दवाखान्यातून चौघांनी खुर्चीत बसवून त्रेसष्ट पायऱ्या वर आणलं, ती त्यांची शेवटची चढण. पुढे व्यायाम करवून घेणारी मुलगी घरी येऊ लागली. पाय हळूहळू उचलायला लागला, पण उजवा हात गेला तो गेलाच. डाव्या हाताला धरायला काही मिळालं, तरच वहिनी चालायच्या.

मग गुण्यानं घराचं जहाज केलं. प्रत्येक भिंतीला लाकडी दांडा, वहिनींच्या कमरेच्या बरोबर उंचीवर, पॉलिश करून गुळगुळीत. जाताना डावीकडे एक, येताना डावीकडे दुसरा. बोळातसुद्धा दोन्ही भिंतींना. मी पहिल्यांदा गेले, तेव्हा वहिनी खाटेपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून खाटेपर्यंत चालून दाखवत म्हणाल्या, "बघा बाई, एकेरी वाहतूक."

अडलं ते पायऱ्यांवर. शेजाऱ्यांनी खुर्चीतून उचलून न्यायचा एकदा घाट घातला. अठराव्या पायरीवर पुढच्याचा पाय सरकला, खुर्ची गटाराकडे कलंडली. कुणाला काही झालं नाही, पण वहिनींनी निक्षून सांगितलं, "मी कपाट नाही. जाईन तर माझ्या पायांनी." आणि खालून ताई वर येतील, तर त्यांचं हृदय कमजोर. फोन करावा, तर ताई ठार बहिऱ्या. दोन बहिणींमध्ये अंतर किती, तर त्रेसष्ट पायऱ्या. खिडकीतून दुकान दिसायचं. रोज सकाळी आठला वहिनी खिडकीत पिवळा टॉवेल हलवायच्या, खालून ताई लोकरीचा गुंडा उंच धरायच्या. एवढीच भेट. ताईंनी चिठ्ठी पाठवलेली: 'यंदा तुझ्यासाठी स्वेटर विणायचा आहे. माप घ्यायला खाली ये. अंदाजानं विणणार नाही, मी काय ढोबळ बाई आहे?'

गुण्यानं ती चिठ्ठी वाचली आणि हत्यारांची पेटी उघडली.

नऊ दिवसांत त्यानं त्रेसष्ट पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी लाकडी कठडा केला. सगळी गल्ली बघायला. वहिनींनी तयारी म्हणून नवे बूट मागवले, ते आले नाहीत, म्हणून जाणं चार दिवस पुढे ढकललं. तिसऱ्या दिवशी नगरपालिकेची माणसं आली. सार्वजनिक पायऱ्यांवर खाजगी बांधकाम, विनापरवाना. गुण्यानं भांडण केलं नाही. ते कटावणी घालायला लागले, तेव्हा मात्र म्हणाला, "फोडू नका, लाकूड चांगलं आहे," आणि स्वतःच स्क्रू काढून देऊ लागला. वहिनी खिडकीत उभ्या. आपल्या नवऱ्यानं लावलेला कठडा आपलाच नवरा सोडवतोय, हे त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं.

बरोबर आलेला सहायक अभियंता, पोरगेलासा, जरा वरमला. म्हणाला, "काका, असं नसतं करायचं. पायवाटा आणि सार्वजनिक जिने यांची नागरिक समिती आहे. नऊ रहिवासी असतात, मानद. जागा रिकाम्या आहेत. तुम्ही अर्ज का करत नाही? आतून काम होतं."

आतून! आमच्या गुण्याला विंग आणि रंगमंच यांतला फरक कुणी शिकवायला नको होता. त्यानं अर्ज आणला. 'समाजकार्याचा अनुभव' या रकान्यात काय लिहावं, म्हणून माझ्याकडे आला. मी म्हटलं, जे केलंस ते लिही. त्यानं लिहिलं, 'जिने'. पुढे 'कालावधी' या रकान्यात, 'चाळीस वर्षे'. नेमणूक झाली.

पहिल्या सभेला तो हजामत करून गेला. नऊ खुर्च्या, आले चार. नियमानं पाच लागतात, नाही तर सभा होत नाही. चौघांनी अर्धा तास पाचव्याची वाट पाहिली, चहा घेतला आणि घरी गेले. दुसऱ्या सभेला सहा आले, पण विषय होता टेकडीवरच्या बाकांचा रंग. हिरवा की तपकिरी, यावर दीड तास. तिसऱ्या सभेपासून गुण्यानं नवा उद्योग सुरू केला: माणसं जमवणं. मंगळवारी दुपारी दोनला तो घरून निघायचा. आधी बेकरीवाल्याकडे जाऊन त्याला भट्टीपासून सोडवायचा. मग बालवाडीच्या बाईंकडे; त्यांचं शेवटचं मूल कुणी न्यायला येईपर्यंत त्या मुलाशी खेळत बसायचा. मग दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात रुग्णांच्या बाकावर.

"काका, तुमच्या तोंडात एकही दात नाही," डॉक्टर ओरडायचे, "तुम्ही दर महिन्याला इथे काय करता?"

"पाचवा माणूस न्यायला आलोय, डॉक्टर. तुम्ही आवरा, मी बसतो."

हेडमास्तर तेवढे आपणहून यायचे. निवृत्त होते, अध्यक्ष होते, आणि घरी त्यांचं कुणी ऐकत नसे. सभेचे नियम त्यांना तोंडपाठ. माणूस सज्जन, पण नियमावलीचं पान उलटताना त्यांचा चेहरा असा काही उजळायचा की समोरच्याचा जीव टांगणीला लागलाय, हे त्यांना दिसायचंच नाही.

कठड्याचा विषय पटलावर यायला सात महिने लागले. मग पाहणी. पाहणीत पायऱ्या भरल्या एकसष्ट. गुण्या म्हणाला, त्रेसष्ट. अभियंता म्हणाला, वरच्या दोन नकाशात नाहीत. त्या दोन पायऱ्या कुणाच्या, यावर पाच महिने गेले. मी म्हटलं, "अरे, एकसष्ट घे ना. दोन तर दोन." तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाई, त्या दोन तिनं काय उडत पार करायच्या?"

त्यानंतर मी सभेला जाऊन नागरिकांच्या खुर्चीवर बसायला लागले. दर महिन्याला. कुणी तरी बघणारं असलं की काम करणाऱ्याची पाठ ताठ राहते, हे मला धंद्यानं शिकवलंय.

आणि तिसऱ्या वर्षी, शेवटून दुसऱ्या सभेत, ठराव आला. अभियंत्यानं कुरकुर केली. मधोमध एकच दांडा लावला तर? तर सामान कसं न्यायचं, बेकरीवाला म्हणाला, माझी पोरं पावाचे ट्रे घेऊन जातात तिथून. बरं, अभियंता म्हणाला, मग एकाच बाजूला लावू. बाई चढताना उलट्या चढतील, तोंड खाली करून. यावर बालवाडीच्या बाई, ज्या तीन वर्षांत कुणावर चिडल्या नव्हत्या, म्हणाल्या, "तुम्ही चढून दाखवा आधी." हशा झाला, हात वर झाले, 'दोन्ही बाजूंना कठडा बसवण्यात यावा' हा ठराव पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर. मी उठून टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर म्हणाले, "नागरिकांनी शांतता राखावी." मी एकटीच होते.

त्या महिन्यात त्या घरात काय उजेड होता म्हणून सांगू! गुण्यानं खोलीच्या मधोमध तीन पायऱ्यांचा लाकडी जिना केला, दोन्ही बाजूंना कठडे, वर छोटीशी फळी. कुठेही न जाणारा जिना. असे जिने आमच्याकडे नाटकात असायचे. नायिका चढते आणि विंगेत नाहीशी होते. वहिनी तीन पायऱ्या चढायच्या, फळीवर वळायच्या, तीन उतरायच्या. रोज एकवीस वेळा. एकवीस त्रिक त्रेसष्ट. शेवटच्या फेरीला धापा टाकत म्हणायच्या, "आले गं ताई, माप घे." खालच्या दुकानात चिठ्ठी गेली. दुसऱ्या दिवशी आठला ताईंनी लोकरीचा एक नाही, दोन गुंडे उंच धरले.

आता शेवटची सभा. हे समजून घ्या: ठराव मंजूर झाला, तरी कागद बांधकाम खात्याकडे लगेच जात नाही. पुढच्या सभेत त्या सभेचं इतिवृत्त, म्हणजे काय ठरलं त्याची लेखी नोंद, वाचली जाते. सदस्य 'मान्य' म्हणतात, अध्यक्ष सही करतात, मगच कागद खाली उतरतो. आणि त्या समितीची मुदत त्याच महिन्याअखेर संपत होती.

पाच जण हजर. गुण्यानं पुठ्ठा सरकवला. लिपिक बाईंनी वाचायला सुरुवात केली, आणि चौथ्या कलमावर त्यांचा आवाज जरा खाली गेला. "टेकडीवरील सार्वजनिक पायऱ्यांस भिंतीच्या बाजूने कठडा बसवण्यात यावा."

गुण्याचा हात वर गेला. "दोन्ही बाजूंनी ठरलं होतं."

लिपिक बाई त्याच्या खुर्चीजवळ आल्या. भली बाई. मागेच बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. "काका, गटाराची बाजू जलनिःसारण खात्याची आहे. दोन्ही लिहिलं, तर फाइल तिकडे जाईल आणि तिकडेच राहील. म्हणून मी भिंतीचं लिहिलं. ते आपल्याच खात्यात आहे, पंधरा दिवसांत लागेल. आत्ता सही होऊ द्या. दुसरी बाजू नंतर बघू."

'नंतर बघू.'

तिनं दुसरे कुठलेही दोन शब्द वापरले असते, तर? मी पुष्कळदा विचार करते. पण तिनं तेच वापरले, आणि गुण्या उभा राहिला. ऐंशीला टेकलेला माणूस, फूटपट्टी हातात. "अध्यक्षमहाराज, भिंतीच्या बाजूनं माझी बायको उतरेल. चढणार कशी? अर्धा जिना हा जिना नसतो. जे ठरलं ते लिहा, नाही तर माझं मान्य नाही."

आणि मी, मी मूर्ख बाईनं, टाळी वाजवली. एकच, पण खणखणीत. सज्जाच्या गोष्टीनंतर लोक वाजवायचे तशी. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं आणि किंचित मान लववली.

हेडमास्तरांचा चेहरा उजळला. "सदस्यांना दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार आहे. दुरुस्ती लेखी हवी." कागद शोधला. दुरुस्ती लिहिली. सूचक कोण, अनुमोदक कोण? बालवाडीच्या बाईंनी अनुमोदन दिलं. मग अभियंत्याचं म्हणणं ऐकायचं, असा नियम. त्याला तळमजल्यावरून बोलावलं. तो जेवणाचा डबा पुसत आला आणि जलनिःसारण खात्याबद्दल बोलू लागला.

दातांचे डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. ते सात मिनिटं पुढे आहे, हे विसरून. "अहो, मी एकाच्या दाढेला भूल देऊन आलोय! ती उतरायच्या आत मला पोचायला हवं. तुमचं चालू द्या, माझं मान्यच आहे सगळं," आणि ते निघून गेले.

कुणाला काही वाटलं नाही. अभियंता बोलत राहिला. तो थांबल्यावर हेडमास्तर मतदान घ्यायला उठले, टेबलाभोवती नजर फिरवली, मनात मोजलं, पुन्हा मोजलं. "आपण चार आहोत," ते म्हणाले. आवाज पडला होता. त्या क्षणी त्यांनाही दिसलं असावं. "गणपूर्ती नाही. सभा तहकूब."

गुण्या धावला. मी म्हणते धावला, दोन मजले. खाली गेला तोवर डॉक्टरांची स्कूटर कोपऱ्यावरून वळली होती. तो परत वर आला, तेव्हा लिपिक बाई फायलीची नाडी बांधत होत्या. "महिनाअखेरीआधी आणखी एक सभा?" त्यानं विचारलं. सात दिवस आधी नोटीस लागते, त्या म्हणाल्या, आणि नोटिशीवर मुख्याधिकाऱ्यांची सही, आणि ते रजेवर. तरी त्यांनी प्रयत्न केला. सही आली मुदत संपल्यावर तिसऱ्या दिवशी.

घरी जाऊन त्यानं सगळं सांगितलं. वहिनी जिन्याच्या फळीवर उभ्या होत्या. म्हणाल्या, "बरोबर केलंत. नुसती खाली जाऊन मी राहणार कुठे? ताईच्या लोकरीच्या गठ्ठ्यावर?" आणि तीन पायऱ्या उतरल्या.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. नवी समिती नेमण्यासाठी जाहिरात आली. गुण्यानं पहिल्या दिवशी अर्ज दिला. नऊ जागा रिकाम्या राहू नयेत, म्हणून गल्लोगल्ली फिरून आणखी अकरा जणांचे भरून घेतले. बेकरीवाल्याला दोनदा भरायला लावला, पहिल्यावर लोण्याचा डाग पडला म्हणून. नेमणुका झाल्या नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तो चौकशीला जायचा. "विचाराधीन आहे." लिपिक बाईंची बदली झाली. अभियंत्याला बढती मिळाली. एक वर्ष गेलं, दुसरंही गेलं. समितीच्या खोलीत आता धूर फवारायची यंत्रं ठेवलीत. एकदा दारातून डोकावून आला आणि मला म्हणाला, "टेबल अजून हलतंय."

जुन्या सदस्यांना मात्र छापील प्रमाणपत्रं घरपोच आली. 'शहराच्या जडणघडणीतील मोलाच्या योगदानाबद्दल.' वहिनींनी ते वाचलं आणि विचारलं, "कसली जडणघडण हो?" आणि मग दोघंही हसली. मीही हसले. त्या घरात मी ऐकलेलं ते शेवटचं हसू.

वहिनींच्या एकवीस फेऱ्यांच्या पंधरा झाल्या, मग नऊ. मग पाय फळीपर्यंत उचलेना. जिना खोलीच्या मधोमध तसाच राहिला. त्याच्या पायऱ्यांवर वर्तमानपत्रं आणि औषधांच्या बाटल्या साठू लागल्या.

आणि परवाच्या हिवाळ्यात ताईंचा मुलगा दुसऱ्या शहरातून आला. आईला एकटी ठेवणं आता शक्य नाही, म्हणाला. त्याच्या घराला लिफ्ट आहे. दुकान आठ दिवसांत आवरलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी गुण्याकडे होते. आम्ही तिघं खिडकीत. खाली गाडी उभी, तीवर गाठोडी. ताई दुकानातून बाहेर आल्या, गाडीकडे न जाता पायऱ्यांकडे वळल्या आणि चढायला लागल्या. भिंतीला हात टेकत. एक. दोन. मुलगा मागून ओरडतोय, त्यांना कुठलं ऐकू येतंय! गुण्या माझ्या शेजारी ओठांतल्या ओठांत मोजत होता. नवव्या पायरीवर त्या थांबल्या, छातीवर हात ठेवला आणि खाली बसल्या. वर पाहिलं. वहिनींनी डाव्या हातानं टॉवेल हलवला. ताईंच्या हातात त्या दिवशी गुंडा नव्हता, लोकर सगळी बांधून झाली होती. त्यांनी नुसता रिकामा हात उंच धरला.

मुलानं त्यांना सावकाश खाली नेलं, गाडीत बसवलं, आणि मग पायऱ्या चढून एक पुडकं घेऊन वर आला. स्वेटर. शेवटी अंदाजानंच विणला होता. मावशीच्या पाया पडावं की खांद्यावर हात ठेवावा, हे न सुचून तो जरासा घुटमळला आणि गेला. गाडी गेल्याचं आम्ही ऐकलं.

वहिनींनी स्वेटर घालायला मागितला. मी घातला. सहा वर्षांपूर्वीच्या वहिनींच्या मापाचा होता तो. दोन्ही खांदे खाली घसरले, बाह्या बोटांच्या पुढे लोंबल्या. वहिनींनी डाव्या हातानं उजवी बाही चाचपली. मग म्हणाल्या, "टॉवेल आत घ्या हो. उगाच धूळ खातोय."

गुण्यानं टॉवेल आत घेतला, घडी केली, कडा जुळवल्या. ठेवायला जागा शोधत खोलीभर फिरला. मग त्या लाकडी जिन्यावरची वर्तमानपत्रं बाजूला सारून सगळ्यात खालच्या पायरीवर बसला, टॉवेल मांडीवर घेऊन. वहिनींनी डोळे मिटले होते. मी चहा ठेवते म्हणून उठले, आणि त्याच्या जवळून जाताना त्यानं माझ्या पदराचं टोक धरलं. अगदी हळू, वहिनींना ऐकू जाऊ नये अशा आवाजात तो म्हणाला,

"बाई, उतरायची बाजू तर मिळतच होती."